रोपं पावसाळ्यात लावायची, पण नर्सरी बघायची ती आत्ताच

होळी झाली की ऊन चढायला लागतं. बांधावरचा पळस फुललेला असतो, पिंपळाला तांबूस पालवी येते, आणि आपण म्हणतो, आता कुठं झाडं लावायची, पाऊस पडल्यावर बघू. मग मृगाचा पाऊस होतो आणि अख्खा तालुका एकाच आठवड्यात नर्सरीच्या दारात उभा राहतो. टेम्पो रांगेत, मजुरांची धावपळ, मालकाला दोन शब्द बोलायला सवड नाही. त्या गर्दीत हाताला येईल ते रोप आपण उचलतो. केशर म्हणून दिलं की ते केशर, भगवा म्हणून दिला की तो भगवा.

फळझाड लावायचं ते पावसाळ्यातच, त्यात वाद नाही. पण ते कुठून घ्यायचं हे ठरवायची वेळ मात्र फाल्गुन ते वैशाख हीच आहे. ज्या झाडाच्या काड्यांवरून कलमं बांधली जातात, ते झाड याच दिवसांत मोहरावर आणि फळावर असतं. जूनमध्ये त्याच्यावर फक्त पानं असतात, आणि पानांवरून आंब्याची जात ओळखणारा माणूस गावात शोधून सापडत नाही.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. आमच्या एक एकराच्या तुकड्यात १० बाय १० मीटरवर ४० केशर लावले होते. भर पावसात, घाईत, रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून. बिल घेतलं नाही, कारण बिलाशिवाय थोडं स्वस्त पडत होतं. पाचव्या वर्षी फळ दिसायला लागलं तेव्हा त्यातली अकरा झाडं केशर नव्हतीच. काहींचं वरचं कलम कधीच वाळून गेलं होतं आणि खालचा रायवळ खुंटच जोमानं वाढला होता, तो आम्ही लाडानं पाणी घालून मोठा केला. बाकीची मुळातच दुसऱ्या कशाची तरी होती. नर्सरीवाल्याकडे जाऊन उपयोग झाला नाही. कागदच नव्हता तर भांडणार कशावर? शेवटी ती झाडं वरून छाटून, नव्या फुटव्यांवर पुन्हा कलमं बांधली. रोपामागे वाचवलेले वीस-तीस रुपये आणि गेलेली पाच वर्षं, हा हिशोब अजून डोक्यातून जात नाही.

या दिवसांत नर्सरीत काय चाललेलं असतं

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं निघालं की लोणी काळभोर, सोरतापवाडी, उरुळी कांचन या पट्ट्यात दोन्ही बाजूंना नर्सऱ्याच नर्सऱ्या दिसतात. हवेली, दौंड, पुरंदर, शिरूरची बरीच मंडळी रोपांसाठी इथंच येतात. फाल्गुनात इथं आलात तर पावसाळ्यातली जत्रा नसते, पण कामं जोरात असतात. बायका सावलीत बसून पिशव्या भरताना दिसतील. साधारण दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू असं मिश्रण असतं आणि काम बहुतेक ठिकाणी ठेक्यावर, म्हणजे हजार पिशव्यांमागे ठरलेली मजुरी. शेडनेट दुरुस्त होत असतं, कारण अजून दोन महिने उन्हाचा तडाखा काढायचाय. सकाळ-संध्याकाळ पाणी. गेल्या पावसाळ्यात बांधलेली कलमं आता सात-आठ महिन्यांची झालेली असतात आणि नवी पालवी टाकत असतात.

हीच पालवी बघायची. थंडीत सगळीच कलमं सारखी झोपलेली दिसतात. ऊन वाढलं, झाडाचा रस वर चढायला लागला की कोणतं कलम खरंच सांधलंय आणि कोणतं नुसतंच हिरवं उभं आहे, ते कळायला लागतं. सांधलेलं कलम जोडाच्या वरून फुटतं. न सांधलेलं जोडाच्या खालून फुटतं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली असती तर आमची निम्मी झाडं वाचली असती.

नर्सरीत शिरताना आणखी एक फरक समजून घ्या. बोर्ड सगळ्यांचा सारखाच असतो, पण काही नर्सऱ्या रोपं तयार करतात आणि काही नुसती विकतात. आंध्रात राजमुंद्रीजवळचं कडियम हे देशातलं नर्सऱ्यांचं मोठं केंद्र. तिथून ट्रक भरून रोपं येतात आणि आपल्याकडच्या रस्त्यावर मांडली जातात. त्यात गैर काही नाही. शोभेच्या झाडांचा तर निम्मा धंदा असाच चालतो. पण गोदावरीकाठच्या दमट हवेत वाढलेलं रोप मार्चमध्ये दौंडच्या कोरड्या वाऱ्यात आणलं की ते पानं टाकतं. आणि फळझाडाच्या बाबतीत, काडी कोणत्या झाडाची हे विकणाऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं. तो खोटं बोलतोय असं नाही, त्याला जे सांगितलं तेच तो पुढे सांगतोय.

म्हणून पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. विचारा, "मातृवृक्ष कुठं आहे?" ज्याच्याकडे आहे तो उठून दाखवायला नेतो. बऱ्याचदा खुशीनं नेतो, कारण कुणी विचारतच नाही.

आंब्याचं झाड बघायचं म्हणजे काय बघायचं

मार्चमध्ये गेलात तर झाडावर मोहर आणि वाटाण्यापासून लिंबाएवढ्या कैऱ्या असतील. झाड निरोगी आहे का, भरपूर फळ धरतंय का, एवढं तेव्हा कळतं. जात ओळखायची तर मेमध्ये पुन्हा एक चक्कर मारा. केशरचं फळ लांबट, टोकाकडे किंचित बाक आलेलं. आपल्या भागात ते मेअखेरीच्या सुमारास तयार होतं. शक्य असेल तर एक फळ पिकवून खा. चाळीस झाडं लावायची आणि एक आंबा चाखायचा नाही, हे काही खरं नाही. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, आणि तीस-चाळीस वर्षं उभं राहणारं झाड मात्र पिशवीवरच्या चिठ्ठीवर घेतो.

आता एक सापळा सांगतो, तो फक्त याच हंगामात लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर्सरीच्या दर्शनी भागात पिशवीतल्या छोट्या कलमांना मोहर आलेला, क्वचित एक-दोन कैऱ्या लटकलेल्या दिसतात. लोक तिथंच थांबतात. "याला आत्ताच फळ आलंय, म्हणजे जात चांगली." तसं नसतं. कलमाची काडी फळ देणाऱ्या मोठ्या झाडावरून घेतलेली असते, म्हणून वय लहान असलं तरी तिला मोहर येतो. त्यावरून जात ठरत नाही आणि जोमही ठरत नाही. उलट ज्या कलमाला कैरी पोसू दिली, त्याची वाढ खुंटते. घरी आणलंच तर मोहर खुडून टाका, आणि शेतात लावल्यावरही पहिली तीन वर्षं तो खुडतच राहा. जिवावर येतं, पण करा.

कलम हातात घेतल्यावर जोड बघा. जोडाची जागा थोडी जाड, पण वर-खाली एकसारखी भरलेली असावी. जोडाच्या वर खोड बारीक आणि खाली जाड, किंवा मध्ये चीर, असं असेल तर बाजूला ठेवा. बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहिली असेल तर ती सालीत रुतून गळफास लावते, मग पुढे वाऱ्यात झाड तिथंच मोडतं. उंचीच्या मोहात पडू नका. वर्ष-दीड वर्षाचं, पेन्सिलीपेक्षा थोडं जाड खोड आणि वरून दोन-तीन फुटवे असलेलं कलम बास झालं. चार फुटी उंच कलम बहुतेक वेळा मागच्या वर्षी न खपलेलं असतं. त्याचं मूळ पिशवी फाडून जमिनीत गेलेलं असतं आणि उचलताना ते मूळ तुटतं.

मूळ वरून दिसत नाही, म्हणून मी एक करतो. जास्त रोपं घ्यायची असतील तर मालकाला म्हणतो, एक पिशवी फाडून दाखवा, तिचे पैसे माझे. मुळं पांढरी-पिवळसर आणि मोकळी असली तर ठीक. सोटमूळ पिशवीच्या तळाला जाऊन दोरीसारखं गोल गोल फिरलेलं असेल तर ते झाड मोठं झाल्यावरही तसंच फिरलेलं राहतं आणि एखाद्या वळवाच्या पावसात आडवं होतं. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत. डाळिंबाच्या रोपात ही तपासणी चुकवायचीच नाही, कारण सूत्रकृमी एकदा रानात आले की जात नाहीत.

बाकीची फळझाडं

डाळिंबाची रोपं बहुतेक गुटी कलमाची. गुटी पावसाळ्यात बांधतात, त्यामुळे आत्ता दिसणारी रोपं गेल्या हंगामातली असतात. काळजी एकच, तेल्या. तेल्या झालेल्या बागेतून गुटी काढली की रोग पिशवीतूनच तुमच्या रानात येतो. कोरड्या उन्हाळ्यात पानावर डाग फारसे दिसत नाहीत आणि फसायला होतं, म्हणून खोडाचे पेरे आणि काड्या फिरवून बघा. तिथं काळपट, चिरलेले डाग असतील तर ते रोप फुकट दिलं तरी घेऊ नका. ऊतीसंवर्धित रोपं महाग पडतात, पण रोगमुक्त साहित्य म्हणून त्यांचा विचार करायला हरकत नाही. ती घेताना कंपनीचं नाव असलेलं पक्कं बिल घ्या. ४.५ बाय ३ मीटरवर एकरी साधारण ३०० रोपं लागतात, तेव्हा रोपामागचा फरक गुणून बघा आणि मग ठरवा.

सीताफळाचं उलटं आहे. माघ-फाल्गुनात सीताफळ पानं झाडतं. नर्सरीत रोप म्हणजे नुसती करडी काडी. लोक मेलंय समजून पुढे जातात. नखानं साल जरा खरवडा, आत हिरवं असेल तर रोप जिवंत आहे, चैत्रात फुटेल. बियांपासून केलेली सीताफळाची रोपं स्वस्त मिळतात, पण त्यांत एकसारखेपणा नसतो. एक झाड चांगलं तर शेजारचं बियांनी भरलेलं. बाग करायची तर बाळानगर, फुले पुरंदर, एनएमके गोल्डन यांची कलमंच घ्या. आपल्याच जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात जाधववाडीला अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र आहे. सासवडच्या बाजारला जाणं होतच असतं, तर तिथं एकदा जाऊन झाडं डोळ्यांनी बघून या.

कागदी लिंबाबद्दल लोकांचा गैरसमज असतो. "कलम नाही, बियांचं रोप आहे" म्हटलं की नाक मुरडतात. पण लिंबाच्या एका बीत एकापेक्षा जास्त गर्भ असतात आणि त्यातून येणारी बहुतेक रोपं आईसारखीच निघतात. त्यामुळे कागदी लिंबू बियांपासून करायचीच पद्धत आहे. राहुरी विद्यापीठाची साई सरबती, फुले सरबती ही नावं विचारा. पानावर पिवळी कडा असलेले खडबडीत, खपलीसारखे डाग म्हणजे खैऱ्या. ते रोप सोडा.

पपई मात्र आत्ता लावायचं पीक आहे, फेब्रुवारी-मार्च हा तिच्या लागवडीचा एक हंगामच. रोप वीतभर उंचीचं, जाड बुंध्याचं हवं. पानं चुरगळलेली, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची असतील तर विषाणू आलाय. आणि कुणी रोपावरून नर-मादी ओळखून देतो म्हणाला तर हसून पुढे जा, फूल येईपर्यंत ते कुणालाच कळत नाही. तैवान ७८६ सारख्या वाणात निव्वळ नर झाडं येत नाहीत म्हणून तो प्रश्नच राहत नाही, पण त्याच्याच फळातलं बी धरून पुढच्या वर्षी रोपं केली की तो भरवसा संपला.

भाजीपाल्याच्या रोपांचं गणित वेगळं

जुन्नर-आंबेगावकडे या दिवसांत नर्सरी म्हटलं की टोमॅटोचे ट्रे. नारायणगावच्या बाजारात उन्हाळी टोमॅटो आणायचा तर फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत लागण झाली पाहिजे. इथं गर्दी आत्ताच असते आणि चूकही आत्ताच होते.

चूक म्हणजे वयाची. टोमॅटोचं रोप २५ ते ३० दिवसांचं उचलायचं. वांगं त्यापेक्षा चार-पाच दिवस जास्त, मिरची ३५ ते ४० दिवस, आणि कलिंगड, खरबूज, काकडी ही वेलवर्गीय रोपं १२ ते १५ दिवसांतच, दोन खरी पानं आली की. रान तयार नाही म्हणून आपण नर्सरीवाल्याला "अजून आठ दिवस ठेव" म्हणतो. तो ठेवतो, त्याला काय. पण ट्रेच्या एवढ्याशा घरात मुळं कोंडतात, रोप पिवळं, काडीसारखं कडक होतं, कधी ट्रेमध्येच कळी धरतं. असं रोप शेतात पंधरा दिवस बसून राहतं आणि पहिला तोडा लांबतो. म्हणून उलटं मोजा. लागणीची तारीख ठरवा, त्यात रोपाचे दिवस वजा करा, त्या दिवशी बी टाकायला सांगा. ५ फूट बाय दीड फुटावर एकराला ५,८०० च्या आसपास रोपं लागतात, सांधायला शे-दोनशे जास्तीची धरा.

बी तुमचं असो की नर्सरीचं, रिकामं पाकीट मागून घ्या. त्यावर लॉट नंबर असतो. उद्या वाण भलताच निघाला तर तक्रार करायला बिल आणि तो नंबर, दोन्ही लागतात. ते पाकीट आणि बिल शेजारी ठेवून मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, म्हणजे कागद हरवला तरी काम होतं.

रोपवाटिकेची जाळी बारीक आणि धड आहे का, आत शिरायला दोन दारं आहेत का, हे बघा. पांढरी माशी आणि फुलकिडे रोपावर बसले की विषाणू तिथूनच सुरू होतो, मग शेतात किती फवारण्या केल्या तरी पाठ सुटत नाही. दार सताड उघडं आणि जाळीला भगदाडं, अशा ठिकाणी रोप कितीही टवटवीत दिसलं तरी मी तिथून घेत नाही.

शेडनेटमधलं रोप लाडावलेलं असतं. त्याला सरळ मार्चच्या उन्हात लावलं तर माना टाकतं. आणण्याआधी चार-पाच दिवस पाणी थोडं कमी करून, ऊन दाखवून ते कणखर करायला सांगा. नर्सरीत झालं नसेल तर घरी झाडाखाली ट्रे मांडून तुम्ही करा. लागण दुपारी चारनंतर, वाफसा नाही तर ओल्या बेडवरच.

अंगण, परसबाग आणि फुलं

घरच्या बायामाणसांचं नर्सरीत जाणं बहुतेक याच दिवसांत होतं, पाडव्याच्या आसपास. मोगरा आत्ता कळ्यांवर असतो. जानेवारीत छाटलेला मोगरा मार्चपासून फुलतो, त्यामुळे कळ्या बघून जात निवडता येते, बटमोगरा हवा की साधा. कढीपत्ता, शेवगा, अळू यांना मोरीच्या सांडपाण्याची जागा द्या, उन्हाळ्यातही तगतात. भेंडी, गवार यांची रोपं विकत घेऊ नका, सरळ बी टोचा. दोडका, कारलं, भोपळा यांची दोन-तीन रोपं पिशवीत आणून मांडवाला सोडली तर चालतात.

गुलाब घेतलात तर जोडाच्या खालून येणारा फुटवा दिसेल तेव्हा खुडा. तो गावठी खुंटाचा असतो, जोमदार वाढतो आणि वरच्या कलमाचं अन्न खातो. "आमचा लाल गुलाब दोन वर्षांनी बदलला" म्हणतात ना, तो बदललेला नसतो. लाल गुलाब मेलेला असतो आणि खालचा गावठी वर आलेला असतो. आंब्याचं जे, तेच गुलाबाचं.

दसरा-दिवाळीची शेवंती करणाऱ्यांनी मात्र आत्ता गाफील राहू नये. एप्रिल-मेमध्ये लागण होते. चांगल्या, रोग नसलेल्या प्लॉटमधले फुटवे किंवा मुळं फुटलेले शेंडे आधी सांगून ठेवले तरच मिळतात.

परवाना, बिल आणि अनुदान

फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी आपल्या राज्यात १९६९ पासून कायदा आहे. फळांची रोपं-कलमं करून विकायची तर कृषी विभागाचा परवाना लागतो, आणि खुंट कोणता, काडी कुठली याची नोंद ठेवणं हे परवानाधारकाचं काम आहे. म्हणजे मातृवृक्षाबद्दल विचारून तुम्ही उपकार मागत नाही. परवाना भिंतीवर लावलेला असतो, त्याची मुदत वाचा. बिलावर परवाना क्रमांक, फळपिकाचं आणि जातीचं नाव, कलमांची संख्या हे सगळं लिहून घ्या. नुसतं "रोपे, ४० नग" एवढंच लिहिलेलं बिल असून नसल्यासारखं. ते आंब्याचं की चाफ्याचं, हे कोण ठरवणार?

फळबाग योजनेतून लागवड करायची असेल तर क्रम पाळा. आधी अर्ज, मग मंजुरी, मग रोपं. मंजुरीआधी रोपं उचलली की पुढे बिल ग्राह्य धरण्यावरून खेटे सुरू होतात. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं, आणि पुढचे हप्ते झाडं किती जगली त्यावर अवलंबून असतात. रोप हलकं निघालं तर झाडही जातं आणि हप्ताही. तालुका कृषी कार्यालयात मार्च-एप्रिलमध्ये जा, जूनमध्ये तिथंही नर्सरीसारखीच गर्दी असते.

कृषी विभागाच्या तालुका फळरोपवाटिका, राहुरी विद्यापीठाची केंद्रं, त्यातलं एक पुण्यात गणेशखिंडला, आणि बारामती व नारायणगावची कृषी विज्ञान केंद्रं, इथं चौकशी करावी. कलमं मर्यादित असतात, मागणी आधी नोंदवावी लागते, आणि हे बहुतेकांना पाऊस पडल्यावर आठवतं. बांधावर सावलीची, लाकडाची झाडं हवी असतील तर सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा.

पाऊस पडेपर्यंत

नर्सरी ठरली, थोडी आगाऊ रक्कम देऊन पावती घेतली, तर रोपं लगेच घरी आणायची घाई नको. उन्हाळा त्यांनी काढू दे, त्यांच्याकडे शेडनेट आहे. मोठी ऑर्डर असेल तर तुमची रोपं वेगळी मांडून त्यांवर खूण करून घ्या. रंगाचा एक ठिपका पुरतो.

या काळात तुमचं काम खड्ड्यांचं. आंब्याला मीटरभर लांब-रुंद-खोल, डाळिंब-सीताफळाला दोन फूट. एप्रिलमध्ये खणून तसेच उघडे ठेवा, उन्हानं माती तापते, किडी-बुरशी मरतात. मेअखेरीस वरच्या थराची चांगली माती, दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत आणि किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून भरून घ्या. कच्चं शेणखत घालू नका, हुमणी आणि वाळवी सोबत येते. जूनमध्ये खणायला जाल तर खड्ड्यात पाणी, मजूर पेरणीला, आणि रोपं बांधावर सुकत पडलेली.

ज्यांच्याकडे पाणी बेताचं आहे त्यांच्यासाठी जुनी, पण अजूनही चांगली वाट आहे, जागेवर कलम करायची. यंदा आंबे खाऊन झाले की रायवळच्या कोयी फेकू नका. कोय लवकर मरते, महिनाभरात ती मातीत गेली पाहिजे. प्रत्येक खड्ड्यात दोन-तीन कोयी लावा. सोटमूळ कुठेही न मुडपता सरळ खाली जातं, त्यामुळे झाड पाण्याचा ताण सोसतं. पुढच्या पावसाळ्यात त्यातल्या जोमदार रोपावर, तुम्ही स्वतः चाखलेल्या झाडाची काडी आणून कलम बांधायचं. काडी पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार महिन्यांची, टोकाचा डोळा फुगलेला. काढायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून कापायची, म्हणजे डोळा भरतो. पाचर मारून पट्टी बांधायचं काम गावातला एखादा जाणता माणूस अर्ध्या दिवसात शिकवतो. आमच्या त्या अकरा झाडांवर असंच करावं लागलं होतं. त्यातली नऊ सांधली, दोनदा प्रयत्न करून एक, आणि एक अजून रायवळच आहे. त्याच्या कैऱ्यांचं लोणचं चांगलं होतं म्हणून ठेवलंय.

आणि रोपं आणायचा दिवस येईल तेव्हा टेम्पो उघडा नको. वरून ताडपत्री किंवा ओलं बारदान टाका, संध्याकाळी निघा, रोपं उतरवताना खोडाला न धरता पिशवीला धरा. शेतावर आणल्यावर आठ-दहा दिवस झाडाच्या सावलीत ठेवून पाणी द्या, आणि दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की लावा. पिशवी कापून काढायची. पिशवीसकट लावलेलं रोप मी दर वर्षी कुठं ना कुठं बघतो, आणि जोड मातीत गाडलेलंही. जोड जमिनीच्या वीतभर वर राहिला पाहिजे, आणि त्याच्या खालून काहीही फुटलं तर त्याच दिवशी खुडलं पाहिजे.